खोलीचं तापमान

भाऊ शेवटपर्यंत समाधानी होते म्हणून आत्ता कोन बोललं? सर, तुमीच न. माफ करा, पण ते खोटं आहे. आन् त्या खोट्यात माहा वाटा मोठा आहे, म्हणून आधी मले बोलू द्या.

वहिनी, सर, बार्शीटाकळीवरून आलेले पाहुणे. भाऊच्या शोकसभेले एवढे जन जमले, बरं वाटलं. मले बोलनं जड जाऊन राहिलं. तरी उभा आहो.

रामदासभाऊ आपल्या लॅबमधले मदतनीस. घरचा फुलाचा मळा. मी अमरावतीचा, इथं अकोल्याले एम.एस्सी.ले होतो. माहं काम एका क्षारावर. पांढरी पावडर. तापवली तं बत्तीस अंशाच्या आसपास तिची आतली रचना बदलते. वरून काहीच दिसत नाही. पांढरी ते पांढरीच. पण इन्फ्रारेड प्रकाश आरपार सोडला, तं कागदावर जो आलेख निघते, त्यात एका शिखराचे दोन होतात. तेवढ्यावरूनच समजायचं, बदलली.

नमुना भाऊनं तयार करून देला. मी मशीन लावलं. पहिल्याच कागदावर दोन शिखरं. तापवायच्या आधीच. मी म्हनलं, यात काहीतरी मिसळलं. रजिस्टरमध्ये लिवलं: नमुना खराब, मदतनिसाचा निष्काळजीपणा. खाली माही सही.

पुस्तकातली खोली पंचवीस अंशाची असते. आपली खोली मे महिन्यातली, दुपारची, एसी बंद पडलेला. थर्मामीटर भिंतीवरच होतं, चाळीस दाखवत. पाह्यलं कोनं?

भाऊनं पाह्यलं. रसवंतीवरून डबाभर बर्फ घेऊन आले. म्हणे, "बापू, तू यायच्या आंधीच गरमीनं बदलली ते पावडर. आंधी थंड कर, मंग तापव."

मी म्हनलं, भाऊ, तुमी झेंडूले पानी मारा. पोरं हासले. भाऊही हासले. डबा टेबलावर ठेवून गेले. बर्फाचं तिथंच पानी झालं.

आठवड्यानं त्यायले लॅबमधून काढून स्टोअरमध्ये बसवलं. सर, तुमी ते रजिस्टर वाचूनच केलं. तुमाले दोष नाही देत.

मंग एक दिवस मी एकटाच बसलो. नमुन्याच्या बंद पेटीभोवती बर्फ लावला. एकच शिखर. हळूहळू तापवलं. बत्तीसच्या आसपास दोन झाले. पुस्तकात होतं तसं. भाऊनं सांगतलं तसं.

माहा प्रबंध झाला. पदवी झाली. रजिस्टर तसंच राह्यलं. एक ओळ खोडायची होती. एकच ओळ. काहून नाही खोडली? लाज वाटे. दुसरं काही नाही.

त्याच्यानंतर कधी कॉलेजात आलो, तं भाऊ स्टोअरच्या खिडकीतून विचारत, "बापू, फुटलं का शिखर?"

मी म्हनो, पाहून राहिलो, भाऊ.

दर वेळी तेच विचारत. दर वेळी मी तेच सांगो. मागच्या महिन्यातही तेच सांगतलं.

वहिनी, फुटलं होतं. कधीचंच फुटलं होतं.

हे ते रजिस्टर. ते ओळ आज सकाळी खोडली. बाजूले लिवलं: नमुना चांगला होता, रामदासभाऊ बरोबर होते. सही केली. भाऊच्या फोटोपाशी ठेवतो. सर, हे परत कपाटात नका टाकू. मी गेल्यावर सगळ्यायले वाचून दाखवा.

आता उभे राहा. दोन मिनिटं डोळे मिटा. कोनी काही बोलू नका, मलेही नका बोलू. तुमी डोळे उघडाल तवा मी अमरावतीच्या वाटेले लागलो असन.

भाऊ, येतो.