आठ भाकऱ्यांचं माप

आज आठ तारीख. काल पगार पडला, म्हंजी आज किराणा भरायचा. तुम्ही दवाखान्याकडनं चौकशीला आलाय, तर बसा ताई त्या कॉटवर, मी डबे पुसून घेते आन् पुसता पुसता सांगते, हात थांबला की माझं बोलणं बी थांबतं. डबे रिकामे असतात तवाच पुसून होतात, महिन्यातून एकदा. हा ज्वारीच्या पिठाचा, हा तूरडाळीचा, हा तांदळाचा.

माझं माहेर भांडगाव, सोलापूर रोडवरचं. आईबाप दोघं दुसऱ्याच्या रानात कामाला, आम्ही चार भावंडं. मी आठ-नऊ वर्षांची असंन, आईनं बाटली देऊन दुकानात पाठवलं, पावशेर तेल आण, पैशे शनिवारी देते म्हण. दुकानदारानं तेल मोजून बाटलीत ओतलं, मंग पैशे मागितले, मी म्हणलं शनिवारी, तर त्यानं माझ्या हातातनं बाटली घेतली आन् तेल परत डब्यात ओतलं, बाटली पालथी धरून ठेवली, शेवटचा थेंब पडंस्तवर. पाच-सहा बाया हुत्या तिथं. एक म्हणली, आतनं पुसून बी घ्या की शेठ. सगळ्या हसल्या. घरी आले तर आईनं बाटलीत थोडं पाणी घालून हलवलं आन् ते पाणी कालवणात टाकलं. तवापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं, दुकानात जायचं तर महिन्यातून एकदा, रोख पैशे घेऊन, आन् मंग पुढच्या पगारापर्यंत दुकानाची पायरी चढायची न्हाई. लग्नाला वीस वर्षं झाली, मी एकदा बी चढले न्हाई. याचा मला गर्व हुता, खोटं कशाला बोलू.

सासर वडगाव रासाई, भीमेच्या काठचं. जमीन न्हाई. मालक रांजणगावला कंपनीत कामाला लागले तसं आम्ही इकडं आलो, विहाराच्या मागं ही खोली घेतली, दोन खण आन् मोरी. सासरे, आबा, आमच्याजवळच असतात. पोरगी एकच, कोमल, आता अकरावीला. चार माणसांचं घर. आन् चार माणसांचं माझं माप ठरलेलं, लिहिलेलं कुठंच न्हाई, पण ठरलेलं. एका भाकरीला एक पेला पीठ. संध्याकाळच्या आठ भाकऱ्या. आबांना दीड, मालकांना तीन, कोमलला दोन, मला दीड. डाळ दोन मुठी, तेल एक पळी, भात फक्त रविवारी. आबा म्हणायचे, ही सून न्हाई, रेशन दुकान हाय, नुसता थम्ब लावायचा राहिलाय. म्हणायचे आन् हसायचे, पण महिनाअखेर इतरांच्या घरी डबे खडखडायचे तवा आमच्या डब्यात दोन पेले पीठ उरलेलं असायचं, ते आबांनाच पहिलं कौतुक.

दोन वर्षांपूर्वी मालकांना कंपनीनं ब्रेक दिला, म्हंजी कामावरनं थांबवलं. कंत्राटी माणूस, सात-सात महिन्यांनी ब्रेक आधीबी मिळायचा, पण परत घ्यायचे. ह्या वेळी घेतलं न्हाई. आता ते एकाच्या पिकअपवर ड्रायव्हर हायेत, ट्रिप असली तर पैशे, नसली तर न्हाई. मंग मी बाहेर पडले. पॅकिंगच्या लाईनला लागले, दुसरी शिफ्ट, दुपारी तीन ते रात्री अकरा, कारण दुसऱ्या शिफ्टला थोडा भत्ता जास्त. जेवण कंपनीच्या कँटीनमधी. आन् त्याच वेळेला माझा दीर सुनील, तो बी गावाकडनं आला, प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर लागला, आमच्यातच राहायला. खोलीचं निम्मं भाडं तो देतो. चांगला हाय पोरगा, तोंड वर करून बोलत न्हाई. पण प्रेसवर आठ तास उभं राहून आलेला माणूस, तीन भाकऱ्या खातोच. त्याला मी नावं ठेवत न्हाई.

आता इथं माझी चूक ऐका. मी काय हिशोब केला, संध्याकाळचं माझं ताट कमी झालं, सुनीलचं वाढलं, एक माणूस गेलं, एक आलं, म्हंजी माप तेच. यादीत एक ओळ वाढवली न्हाई. कंपनीच्या बसमधी बाया विचारायच्या, अगं घरात पाचवं माणूस आलं आन् तुझा किराणा तेवढाच कसा. मी म्हणायची, शिस्त लागते. एक परभणीकडची बाई हुती आमच्या लाईनला, ती म्हणायची, ताई क्लास काढा तुम्ही, आम्ही फी भरून येतो. मी हसायची. मला बरं वाटायचं.

संध्याकाळचा स्वयंपाक कोमलकडं आला. मी तिला पेला दाखवला, पळी दाखवली, म्हणलं आठ भाकऱ्या, नववी करायची न्हाई, न्हाईतर वीस तारखेला डबा रिकामा होईल. ती म्हणली, हां मम्मी. एवढंच. पोरगी कामाला चलाख, आन् महिना संपला की डब्यात दोन पेले पीठ तसंच शिल्लक. मी शेजारणीला सांगितलं, माझ्या पोरीचा हात माझ्यापेक्षा बी आवरता हाय. मी यायची तवा सगळी झोपलेली असायची, ती सकाळी सातला कॉलेजला शिरूरला जायची, दुपारी यायची तवा मी बसला गेलेली, दोघींची गाठ म्हंजी ती केस विंचरताना मी चहा ठेवणार, तेवढीच.

पोरगी सुकत चालली. मी बघत हुते, बघत न्हवते असं न्हाई. डोळ्यांखाली काळं, केस मूठमूठ गळायचे, जिना चढली की धाप. मी म्हणायची, मोबाईल बघत जागते म्हणून. पाळी लई जायची तिला, मी म्हणलं ह्या वयात जातीच. आबा म्हणायचे, अगं हिच्या ओठाला रंग न्हाई, मी म्हणलं आबा, उन्हाचं कॉलेजातनं येती.

मागल्या महिन्याच्या आधीच्या महिन्यात, सव्वीस तारखेला, तांदळाचा डबा मला हलका लागला. मला उचलल्यावर कळतं, वजनकाटा लागत न्हाई. मोजला तर सहा पेले तांदूळ कमी. भात तर तीनच रविवार झालेला. मी विचारलं, कुणी घेतला तांदूळ. आबा म्हणले मी न्हाई बाबा, मला दात कुठं हायेत. कोमल दप्तर उचलायला लागली. मंग तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात सापडले, कच्चे तांदूळ, कागदात बांधलेले. येताजाता तोंडात टाकायची. मला राग आला, ताई. मी तिच्या दोन कानाखाली वाजवल्या. म्हणलं, चोरून खायची सवय कुठनं लागली, कच्चा तांदूळ खायला तू काय कोंबडी हाय का, सहा पेले म्हंजी दोन रविवार गेले घराचे. ती रडली न्हाई. म्हणली, परत न्हाई खाणार. आन् परत खाल्ला न्हाई. मी रोज डबा उचलून बघत हुते ना.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी कॉलेजातनं फोन आला. जिन्यात पडली हुती, डोक्याला मार न्हाई पण शुद्धीवर यायला वेळ लागला, आन् तिथल्याच एका मॅडमनी सरकारी दवाखान्यात नेली. मी शिफ्ट बुडवून गेले, मालक ट्रिपवर हुते नगर रोडला, तिथनंच परत फिरले. डॉक्टरीणबाई तरुण हुत्या. त्यांनी रक्त तपासलं, रिपोर्ट बघितला आन् परत एकदा तपासायला लावलं, चुकला असंल म्हणून. चुकला न्हवता. रक्त चार पॉइंट काहीतरी हुतं. म्हणल्या, एवढ्या रक्तावर ही पोरगी कॉलेजात जात हुती, मला याचं आश्चर्य वाटतंय. आजच रक्त चढवावं लागंल, उशीर झाला असता तर हृदयावर गेलं असतं.

मंग त्यांनी मला विचारलं, ही माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काही खाती का. मी म्हणलं, तांदूळ खायची, मी बंद केला. त्या म्हणल्या, अंगात लोह कमी झालं की अशी खाखा सुटते, ती खूण असते, तुम्ही खूण बंद केली. रागानं बोलल्या न्हाईत. रिपोर्टवर लिहिता लिहिता बोलल्या.

पुढं विचारलं, रात्री काय जेवती. ताई, माझ्या घरात मीठ किती उरलंय ते मी लाईनवर उभी राहून सांगू शकते, पण माझी पोरगी रात्री काय जेवती ते मला ठाऊक न्हवतं. मी कोमलकडं बघितलं. ती म्हणली, जेवते की. बाई म्हणल्या, काय जेवतीस बाळा, काल काय जेवलीस. ती म्हणली, काल अर्धी भाकरी. आन् परवा, बाईंनी विचारलं. परवा बी अर्धी. कालवण खातीस का, बाई म्हणल्या. असलं तर, काकांना आवडतं म्हणून वाढते, मंग संपतं.

तिथं उभ्या उभ्या मी आठ भाकऱ्या वाटल्या. आबांना दीड, मालकांना तीन, सुनीलला तीन. साडेसात. राहिली अर्धी. दोन वर्षं राहत हुती, आन् मी बसमधी शिस्तीच्या गप्पा मारत हुते.

मी म्हणलं, अगं मंग नववी का टाकली न्हाईस. ती म्हणली, तुझं माप मोडलं असतं. मी म्हणलं, सांगायचं तरी. तर काय म्हणली, तू तरी कुठं सांगत हुतीस, तू बी शेवटीच जेवायचीस, उरलं तर.

ते खरं हाय. मला दीड म्हणून मी सांगितलं तुम्हाला, पण ती दीड नुसती सांगण्यापुरती. पाव्हणा आला, कुणी अर्धी जास्त मागितली, की ती माझ्यातली जायची. मी कवा मोजलंच न्हाई तसं. वीस वर्षं माझं माप बसत हुतं ते माझ्या हुशारीनं बसत न्हवतं, शेवटी जेवणारीच्या पोटातनं बसत हुतं. मी त्या जागेवरनं उठले आन् पोरगी बसली. कुणी बसवली न्हाई तिला.

माझा भाऊ दौंडहून आला, त्यानं रक्त दिलं, सुनीलनं दिलं. सुनील दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. म्हणला, वहिनी, ती म्हणायची घ्या काका, अजून हाय, मी घेत गेलो, मला टोपलीत डोकावून बघायची बुद्धी झाली न्हाई. मी म्हणलं, तुझ्या भावाला आन् बापाला बी झाली न्हाई, मला बी झाली न्हाई, ऊठ आता. मालक गोळ्यांची चिठ्ठी घेऊन बाहेर गेले.

तीन पिशव्या रक्त चढवलं. आता घरी हाय, गोळ्या चालू हायेत, सहा महिने तरी घ्यायच्यात. परीक्षा बुडाली, वर्ष जाईल असं दिसतंय. चालताना अजून भिंतीला हात लावते. मी दुसरी शिफ्ट सोडली, पहिली मागून घेतली, त्यात भत्ता न्हाई, म्हंजी पगार कमी आन् यादी मोठी. गूळ, शेंगदाणे, अंडी, जास्तीचं पीठ, पोरीला पालेभाजी रोज. मी मघाशी बोटं मोजून बघितली, ह्या महिन्याला डबा बावीस-तेवीस तारखेलाच संपतोय. संपू दे. संपला की जाईन पायरी चढून. ओतून घेतलं परत तर घेऊ दे.

आज नऊ तारीख. काल तुम्ही गेलात तवा एवढं बोलणं झालं हुतं. मी आत्ताच शिफ्टवरनं आलीय, आता सकाळचं तेवढं सांगते.

पाचला उठले, मुद्दाम आठच भाकऱ्या टाकल्या. आमच्यात आधी गडी जेवतात, मंग बाया. आज मी पाच ताटं एकदम मांडली आन् सगळ्यांना म्हणलं बसा. आबा म्हणले, आज काय पंगत हाय का. पोरीला दोन अख्ख्या वाढल्या, अंडं वाढलं, मला दीड घेतली, आन् उरलेल्या तिघा गड्यांत वाटल्या. प्रत्येकाला कमी पडली. मालकांनी ताटाकडं बघितलं, म्हणले एवढंच. मी म्हणलं, व्हय, एवढंच हाय. टोपली उलटी करून दाखवली. सगळे खाली बघून जेवायला लागले. तेवढ्यात कोमलनं तिची दुसरी भाकरी मोडली आन् अर्धी सुनीलच्या ताटाकडं न्यायला लागली, सवयीनं, बघत बी न्हवती ती. मी तिचं मनगट धरलं. हाताला नुसतं हाड लागलं. म्हणलं, खा. तिनं ती खाल्ली. मी तिचं मनगट सोडलं न्हाई, डाव्या हातानं माझी भाकरी खाल्ली.