विश्वनाथअप्पांचा अर्धा जबाब

मंडळी, बसा. मला बघून उठू नका, मी काही फीत कापायला आले नाही.

विश्वनाथअप्पा माझे धाकटे दीर. सोमवारी गेले. अंथरुणातच, हृदय बंद पडून. हे आधीच सांगते, कारण बाहेर दोघंतिघं हळूच बंदुकीचं विचारत होते. बंदुकीनं नाही गेले. पण बंदुकीबद्दल मला बोलायचंच आहे, अन् ते जमेल का ठाऊक नाही. अक्षर मला येत नाही. तीन दिवस नातीला सांगून हे लिहून घेतलंय. मी अडले तर ती मागून सांगेल.

भूकंपाच्या आदल्या रात्री अप्पा खांद्याला बंदूक लावून शेतावर राखणीला गेले. रानडुकरं ज्वारीत शिरायची. सकाळी परत आले तर गाव नव्हतं. बायको नव्हती. चार वर्षांची लेक नव्हती. अप्पा म्हणायचे, मी वाचलो ते या बंदुकीमुळे. मग ती त्यांनी हातातून सोडलीच नाही.

आम्ही त्यांना लातूरला आणलं, शेजारची खोली दिली. तेव्हा पत्र्याच्या दवाखान्यात एक डॉक्टरीण मनाचं बघायची. अप्पा आपल्या पायानं गेले. साऱ्या गावातून एकटे. दीड वर्षं गोळ्या खाल्ल्या.

पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. आमच्या गल्लीत घर तेवढं होस्टेल झालं. एका क्लासवाल्यानं अप्पांना बंदुकीसकट फाटकावर बसवलं. मी म्हटलं, भाऊजी, पोरं पळून जातील म्हणून का? तर म्हणाले, नाही वैनी, पालक बघून खूश होतात.

मग परवान्याची मुदत सरली. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा बसतो. मनाचा आजार झाला होता का, असं अर्जात विचारलेलं असतं. तिथं तो न विचारताच ‘नाही’ लिहितो. सगळ्यांचंच. त्यानंतर ठाण्यातले जमादार घरी चौकशीला आले. चहा घेतला. जबाब त्यांनी आधीच लिहून आणलेला. शाईची डबी माझ्यापुढं सरकवली. असे किती अंगठे दिलेत आम्ही बायकांनी, काही गणतीच नाही. त्या दिवशी मात्र मी म्हटलं, वाचा की जरा.

“यांना मनाचा आजार कधीही नव्हता. वर्तणूक चांगली.”

वर्तणूक चांगलीच होती हो. पण त्याच्या पंधराच दिवस आधी भरदुपारी रस्त्यावर रोलर फिरला. घरातली भांडी वाजली, अन् अप्पा बंदूक घेऊन अंगणात. होस्टेलच्या पोरी कपडे वाळत घालत होत्या. बाहेर निघा, बाहेर निघा, असं अप्पा ओरडत होते, अन् पोरी बाहेरच होत्या. नळी कुणाकडं आहे हे त्यांना कळत नव्हतं. मला दिसत होतं.

मी म्हटलं, जमादारसाहेब, आजार होता. अजून थोडा आहे.

त्यांनी तेवढंच लिहिलं.

बंदूक ठाण्यात जमा झाली. क्लासवाल्यानं दुसरा माणूस बसवला. अप्पा एवढंच म्हणाले, “वैनी, आजार होता हे सांगितलंत. मी आपल्या पायानं दवाखान्यात गेलो, हे का नाही सांगितलंत?”

मग सहा वर्षं माझ्याशी अबोला. चहा मात्र माझ्याच हातचा. भिंतीला सांगायचे, वैनीला सांग, साखर जास्त झाली. मीही भिंतीलाच सांगायची, नको असेल तर ठेवा म्हणावं. हसा मंडळी. तेही हसायचे, तोंड फिरवून.

मी कुठं चुकले? रात्रंदिवस हेच. बंदूक द्यायची तर माणसाला विचारायला नको का? विचारायलाच पाहिजे. आज तोच कागद आणा, आजही मी बंदूक देऊ नका असंच म्हणेन. पण पलीकडच्या गल्लीत एक साहेब पिऊन आले की बायकोवर बंदूक रोखतात. त्यांचा परवाना दरवेळी नवा होतो. डॉक्टरकडं कधी गेलेच नाहीत, मग आजार कुठला? जो बरा व्हायला गेला, तोच सापडला. हे कसलं विचारणं?

अन् गल्लीनं काय शिकावं? या माझ्या नातीचं डॉक्टरकीच्या परीक्षेच्या वर्षी खाणं सुटलं, झोप सुटली. तासन् तास एकच पान उघडून बसायची. मी म्हटलं, हिला दाखवा. सून म्हणाली, मनाच्या डॉक्टरकडं नको आत्या, कागद होतो. अप्पांचं बघितलं ना? हे तिला मीच शिकवलं होतं.

अप्पा दारात येऊन उभे राहिले. पायात चपला होत्या.

“वैनी, पोरीला मी घेऊन जातो. कागद झालाच तर माझ्या कागदाशेजारी ठेवू.”

सहा वर्षांनी मला वैनी म्हणाले. मग दर बुधवारी तिला नेलं. आत पोर, बाहेर बाकावर अप्पा.

मला माफ केलं का? मी विचारलं नाही. उद्या विचारू, परवा विचारू, असंच करत राहिले. आता कुणाला विचारू?

म्हणून माझा जबाब आज तुमच्यासमोर पुरा करते. विश्वनाथअप्पा आजारी होते. कुणी न सांगता आपल्या पायानं दवाखान्यात गेले. दुसऱ्या लेकरालाही हात धरून घेऊन गेले. त्या कागदावर हेही पाहिजे होतं. मी सांगितलं नाही.

आता उठा, मंडळी. दोन मिनिटं गप्प राहू. तेवढंच गप्प राहू, जास्त नको.

शेवटचा नमस्कार घ्या, भाऊजी. शरणार्थ.