दोनशे चौदा नंबरची निवड

नाही हो, चपला असू द्यात पायात, फरशी पुसायचीच आहे. बसा. तुमच्या रिद्धीला आत सोडा आमच्या सृष्टीच्या खोलीत — जा गं, ताईकडे खूप खेळणी आहेत — सृष्टी, दार लोटून घे बाळा. हं. आता सांगा, माझा नंबर कोणी दिला म्हणालात? कुंदाताईंनी. वाटलंच मला. आणि म्हणाल्या असतील, मृणालिनीला विचार, तिच्या मुलीची त्या पोरांच्या मॉडेलिंगच्या टॅलेंट कन्व्हेन्शनमध्ये निवड झाली होती — अगदी असंच म्हणाल्या ना? तिकडे दुबईत जुमेरा लेक टॉवर्सहून इथं मोहम्मद बिन झायद सिटीपर्यंत एवढी गाडी हाणत आलात समिधा तुम्ही, म्हणजे तुमचं जवळजवळ ठरलंय. पैसे नाही ना भरले अजून? नाही ना? मग चहा टाकते, निवांत ऐका.

या कुंदाताई म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या, गणपतीत पोरांचे कार्यक्रम त्याच बसवतात. सृष्टीला त्यांनीच नाचताना पाहिलं आणि मला म्हणाल्या, चेहरा आहे हो हिच्याकडे, वाया घालवू नकोस. आता परमुलखात आपलं माणूस असं बोललं की आपण पाघळतोच — पाघळले मी. मग संक्रांतीचं हळदीकुंकू त्यांच्या घरी. आम्ही पंधरा-वीस जणी. तिळगूळ झाला, अत्तर झालं, वाण म्हणून एकेकीला स्टीलचा डबा दिला — घरी येऊन डबा उघडते तर आत कन्व्हेन्शनचा फॉर्म, चार घड्या घातलेला, वर पेनाने सृष्टीचं नाव आधीच लिहिलेलं. दुसऱ्या कोणी दिला असता तर मी केराच्या टोपलीत टाकला असता. पण वाणातून आलेला कागद — मी तो देवापुढे ठेवला हो. खरंच ठेवला, हळदीकुंकू वाहून. बारा हजार दिऱ्हाम, म्हणजे आपले पावणेतीन लाख, आणि मी म्हणतेय, बाप्पा, सगळं नीट होऊ दे. तिकडे पैसे भरायला गेल्यावर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, रेफर्ड बाय? मी म्हटलं, कुंदा मॅडम. तिने कुंदाताईंच्या नावापुढे रेघ ओढली. आधीच्या अकरा रेघा होत्या, मी बारावी. दर रेघेमागे त्यांना कमिशन — तेव्हा कळलं वाण कुणाला मिळालं ते.

साखर किती? बरं. पैशाचं सोडा, सुजीतचा, माझ्या नवऱ्याचा, ओव्हरटाइम आहे, पैसे येतील परत. तुम्ही विचारताय, वर्थ आहे का. ऐका. दुबईत देरातलं हॉटेल, तीन दिवस, हॉलला खिडकी नाही, एसी इतका की पोरींचे हातपाय गारठलेले. तीनशे चाळीस मुलं. सृष्टीच्या छातीवर नंबर लावला, दोनशे चौदा. नऊ वर्षांची पोर तीन महिने या पॅसेजमध्ये डोक्यावर पुस्तक ठेवून चालली — पडलं की परत पहिल्यापासून, मी सांगत नव्हते, तीच करायची. आणि तिथं किती वेळ मिळाला तिला? वीस सेकंद. मोजले मी. समोर लंडनचे, मुंबईचे मोठे लोक म्हणून सहा जण बसवलेले, त्यातला एक मोबाइल बघतोय, एक बाई सँडविच खातेय. आणि संध्याकाळी बोर्डवर यादी, गर्दीत जो तो आपलाच नंबर शोधतोय — सिलेक्टेड, दोनशे चौदा. पोर अशी बिलगली मला.

आणि मग मी माती खाल्ली. फॅमिली ग्रुपवर टाकलं. माझे दीर विलासभावजी कराडला असतात, हौशी माणूस — दुसऱ्या दिवशी चौकात दहा फुटी फ्लेक्स. सृष्टीचा फोटो, हार्दिक अभिनंदन, दुबई येथे आंतरराष्ट्रीय मॉडेलिंगसाठी निवड, आणि खाली शुभेच्छुक म्हणून चौदा माणसांचे फोटो. त्यातल्या नऊ जणांना मी ओळखतसुद्धा नाही. निवड कसली तर पुढच्या कन्व्हेन्शनची, सिंगापूरला, परत पैसे भरून. सुजीत म्हणाला, खलास, आता हा विषय घरात नको. पण फ्लेक्स लागलेला होता ना. जुलैत कराडला गेलो तर रंग उडालेला, पण तिथंच. किराणावाला विचारतोय, शिंपी विचारतोय, टीव्हीवर कधी दिसणार आमची सृष्टी? दोन दिवस हसली बिचारी. तिसऱ्या दिवशी खोलीतून बाहेरच येईना.

परत आलो, तर वर्गातल्या ईशानीचा वाढदिवस. तिच्या भिंतीवर सृष्टीला मिळालेलं तेच सिलेक्टेडचं सर्टिफिकेट, फ्रेम करून. वर्गातल्याच देवांशकडे पण तेच. घरी आली आणि विचारते — ती इंग्लिशमध्येच बोलते, मी सारखी मागे लागते मराठीत बोल म्हणून — आई, डिड एव्हरीवन गेट सिलेक्टेड? मी म्हटलं, नाही गं, थोड्याच जणांची निवड झाली. मग म्हणाली, डिड यू नो? मी म्हटलं, मला कसं माहिती असणार? तेव्हापासून फोटो काढू देत नाही. कुणालाच. वर्गाच्या फोटोत सुद्धा उंच मुलीच्या मागे उभी राहिली, नुसता कान दिसतो.

घ्या, चहा घ्या. आता कुंदाताई माझाच नंबर सगळ्यांना का देतात, ते तुम्हाला कळलं नसेल. त्यांना खात्री आहे मी तोंड उघडणार नाही. कारण — म्हणजे कुणाला बोलू नका हं, सुजीतला पण माहीत नाही. त्या हॉटेलात पहिल्या दिवशी दुपारी मी कागदी कप शोधायला पडद्यामागे गेले. टेबलावर गठ्ठे होते. सर्टिफिकेटं. छापून, सही करून, तीनशे चाळीसच्या तीनशे चाळीस. मी दोनशे चौदा शोधलं — होतं. सृष्टीचं नाव, सिलेक्टेड. आणि तिचा नंबर यायला अजून दोन तास होते हो. ती बाहेर केस सारखे करत बसली होती. कुंदाताई मागून आल्या, पाठीवर हात ठेवला, म्हणाल्या, मृणालिनी, पोरीला आनंद होऊ दे, तुझं काय जातंय? आणि मी ते सर्टिफिकेट परत गठ्ठ्यात सारलं. बाहेर जाऊन तिला म्हटलं, मनापासून चाल बाळा, तुझ्यावर आहे सगळं. संध्याकाळी यादी वाचून मी तिच्याबरोबर उड्या मारल्या, समिधा. उड्या. कुंदाताईंनी मला फसवलं, रेघ ओढून घेतली, मान्य. पण सृष्टीला तर —

काय झालं? मागे काय बघताय?

सृष्टी. कधीपासून उभी आहेस तू तिथं?

समिधा, रिद्धीला बूट घाला आणि निघा तुम्ही. नाही, फॉर्मचं नंतर, कप राहू दे तसाच, निघा. दार ओढून घ्या.

सृष्टी, इकडे ये. बरं, नको येऊस, तिथंच थांब. पण बोल ना. इंग्लिशमध्ये बोल, चालेल मला — काहीतरी बोल बाळा.