भांडण त्यांचं, पोट माझं

...आणि वर लेक विचारते काय, "आई, आवडलं ना गं?" अहो, जीभ जागेवर असेल तर आवडणार ना! तुम्हाला सांगते, मी स्वीडनमधल्या योतेबोरीची साधी बाई, उकडलेला बटाटा, वर थोडा शेपू, बाजूला मासा, की झालं माझं जेवण. पण गेली दोन वर्षं मी काय काय गिळलंय ते माझं मला माहीत! हौस म्हणून नाही हो... भांडण त्यांचं, पोट माझं!

त्यांचं म्हणजे माझ्या दोन पोरांचं. मुलगी थेरेस, मुलगा निक्लास. दोघं चाळिशीतली घोडी, आणि बोलणं बंद. कशावरून? रंगावरून! समुद्राकाठी आमचं उन्हाळ्याचं लाकडी घर आहे, आमच्या ह्यांनी जन्मभर ते लाल रंगवलं. हे गेले आणि निक्लासने ते करडं करून टाकलं, कोणाला न विचारता! थेरेस आली, गाडीतून उतरलीसुद्धा नाही, तशीच गाडी वळवून गेली. बरं, भांडावं ना कडकडून? पण आमच्यात भांडत नाहीत हो. आमच्यात गप्प बसतात. दोन-दोन वर्षं!

मग काय, दोघंही मला वेगवेगळी जेवायला नेतात. थेरेसने नेलं कोरियाचं जेवायला. टेबलाच्या मधोमध शेगडी, पुढ्यात कच्चं मांस... भाजा म्हणे! म्हणजे नटूनथटून शहरात यायचं, आणि स्वयंपाक पुन्हा आपणच करायचा? दुसऱ्या दिवशी निक्लास, घुम्या आवाजात, "तिने कुठे नेलं होतं?" तिने! सख्ख्या बहिणीचं नाव घेईल तर शपथ! लगेच मला पेरूच्या हॉटेलात घेऊन गेला, लिंबात बुडवलेला कच्चा मासा खायला. म्हटलं, अरे, चूल बंद आहे का यांची? मग तिचं जॉर्जिया, याचं व्हिएतनाम... भांडण त्यांचं, पोट माझं!

तर आली माझी सत्तरी. मी ठणकावून सांगितलं, "मला भेट नको, केक नको. तुम्ही दोघं एका टेबलावर बसा, नाहीतर मी घरातून हलणार नाही." आली बाई दोघं. झेनेबेच नावाच्या बाईंचं हॉटेल, इथिओपियाचं जेवण. आणि काय सांगू, तिघांत मिळून एकच ताट! ताटभर आंबट, जाळीदार पोळी, तिच्यावर मसूर, भाज्या, कोंबडीचा लालभडक रस्सा. काटा नाही, चमचा नाही. मनात म्हटलं, बरी जिरली, आता खा एका ताटात!

खाल्लं हो, पण कसं? हिने हिच्या बाजूचं, त्याने त्याच्या बाजूचं, मध्ये सरहद्द! मीच आपली बडबडतेय, "मसूर छान आहे, नाही?" वाटलं, उद्या मी गेले तर माझ्या अंत्यविधीलाही ही दोघं अशीच दोन टोकांना उभी राहतील.

आणि उरला पोळीचा शेवटचा तुकडा. आता आमच्यात शेवटचा तुकडा कोणी घेत नाही, हावरट दिसतं ना! थेरेसने त्यातला अर्धा घेतला. निक्लासने उरलेल्यातला अर्धा. मी त्यातला अर्धा. राहिला अंगठ्याएवढा, आणि तिघं बसलोय त्याच्याकडे बघत!

झेनेबेचबाई आल्या. "आवडलं नाही का?"

"छे छे, फारच छान!"

"मग हा असा का ठेवलाय? आमच्यात तो शेजारच्याला भरवतात. आपल्या हाताने."

भरवतात? अहो, आम्ही बसची वाट बघतानासुद्धा एकमेकांपासून दोन हात लांब उभे राहतो! मी म्हटलं, संपलं, आता दोघं कोट घालून चालू पडणार. पण निक्लासने तो तुकडा उचलला. मला वाटलं मलाच देणार, वाढदिवस माझा! तर वळला थेरेसकडे. तिने बघितलं त्याच्याकडे... आणि तोंड उघडलं. डोळे भरून आले तिचे. म्हटलं, मिरचीने असतील, आपण कशाला बोला.

तर झेनेबेचबाई म्हणतात, "एकावर थांबू नका हं, एकच भरवला तर भांडणाचं लक्षण धरतात आमच्यात!" झालं, आलं नवीन ताट. थेरेसने मोठ्ठा घास केला, त्याच्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, "करडा? बाबांच्या घराला करडा?"

"पोपडे निघत होते, थेरेस! तू एकदा फोन केला असतास तर..."

"फोन तू करायचास, गाढवा!"

सगळं हॉटेल आमच्याकडे बघायला लागलं. लाजेने मरायला हवं होतं मी. पण तुम्हाला सांगते, दोन वर्षांनी माझी पोरं भांडत होती... मला रडूच कोसळलं.

आणि तेवढ्यात दोघं वळली की माझ्याकडे! "आई, तूच सांग! लाल की करडा?"

देव त्या झेनेबेचबाईंचं भलं करो, नेमका त्याच क्षणी त्यांनी माझ्या तोंडात हा एवढा घास भरला. आता तोंड भरलेल्या बाईने काय सांगावं? बसले चावत. आठवडा झाला, रोज दोघांचे फोन येतात, लाल की करडा, लाल की करडा... आणि मी आपली अजून चावतेच आहे!