बिब्ब्याखालचं काळं

मी मूळची मुरगूडची, दिल्याली कसबा बावड्यात. पाठीवर एकच भाऊ, दिनकर, शिरोलीला फौंड्रीत कामाला. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या तवा मीच माझी एक दिली. मालक म्हणालं, तुला लेकरं हायत की, मी म्हटलं हायत की, पण भाऊ एकच हाय. किडनी बसली, तोंडावर रंग आला, रोजच्या गोळ्या तेवढ्या जन्माच्या मागं लागल्या.

आणि काय सांगू तुम्हाला पावणं, एक काटा. आईच्या परड्यात दिनकरच्या पायात मोडला. आईनं काढला आणि आपल्यात देत्यात तसा बिब्बा तापवून चटका दिला. तिथं काळं झालं. आई म्हणाली बिब्बा उतला, गल्लीतल्या बाया म्हणाल्या बिब्बाच उतलाय, खोबरं लावा, गावचा डाक्टर त्यो बी बिब्बाच म्हणाला आणि मलम दिलं. काळं काय थांबंना. रुपयाएवढं होतं ते पुरीएवढं झालं, घोट्याकडं सरकाय लागलं, आणि मेलं दुखत नव्हतं म्हणून तर सगळी गप.

मीच त्याला वडत कोल्हापुरात कातडीच्या डाक्टरीणबाईकडं आणला. तिनं आधी इचारलं, गोळ्या कंच्या चालू हायत. किडनी बदलल्याली म्हटल्यावर तिचं तोंडच उतरलं. कातडीचा तुकडा काढून तपासाय धाडला. मग म्हणाली, बिब्ब्यानं भाजल्यालं असतं तर एव्हाना भरत आलं असतं, ही बुरशी हाय, काट्यासंगं आत गेलीया. तुमचं अंग तिला मारतंय, ह्याचं अंग गोळ्यांनी बांधून ठेवलंय, न्हाईतर ते तुमची किडनी परकी म्हणून खाईल. संगं आल्याल्या आईनं भिंतीला डोकं टेकलं.

जखम कापून काढू, शिरंतनं औषध देऊ, पण गोळ्या कमी कराय लागतील, मग किडनी टिकंल का सांगता येत न्हाई, असं किडनीचा डाक्टर म्हणाला. दिनकर माझ्याकडं बघून म्हणतोय, आक्का, तुझी वस्तू हाय, तू सांग. असा राग आला मला! आरं मुडद्या, म्हटलं, मी किडनी जगवाय दिली व्हय? तुला जगवाय दिलीया. करा कमी.

गेली किडनी. पाय ऱ्हायला, भाऊ ऱ्हायला. आता रगत धुवाय मशीनवर जातोय आणि येताना माझ्याकडं येतोय. दारातच उन्हात बसवतो त्याला, पायातलं काढाय लावतो, दोन्ही पाय बघतो, मग पाणी देतो. परवा टाचंला काळं दिसलं. पदर ओला करून चोळलं, डांबार निघालं. त्यो हसला खदाखदा. मी तिथंच उंबऱ्यावर बसलो, पाय मातूर त्याचा हातातनं सोडला न्हाई.