आमना घरमा कोनी नही

काय सांगू भाऊ तुमले, मी शिंदखेड्याकडचा, शेती नव्हती, उभा जन्म धुळ्याच्या जिनिंगमध्ये गेला, कापसाची बारीक रूं नाकातोंडात जायची, संध्याकाळी घरी आलो का आमची म्हातारी, आता नाही ती, देव तिला सुखी ठेवो, दारातच मला पदराने झटकायची. बाहेरची झटकली, आतली राहिली. आता छातीत दम नाही, म्हणून हे ऑक्सिजनचं मशीन, नाकात नळी, नि मशीनला लागते लाइट.

उन्हाळ्यात तालुक्याची मॅडम आली, गावाला धोका कशाकशाचा ते बघायला. बठ्ठे, सारे गाववाले, पारावर जमले, मी ओट्यावरून ऐकत होतो. एकाने विचारलं, गुजरातकडे अणूची वीज करतात, तिथं काही झालं तर आम्ही पळायचं कुठं? मॅडम म्हणाली, ते लांब आहे, तरी तेही यादीत धरलंय, तुम्ही आधी लाइट गेली तर काय ते सांगा. लोक हसले, लाइट तर रोजच जाते ताई, तिचा काय धोका. मीही हसलो भाऊ. मग ती घरोघर निघाली, मशीनवरचा पेशंट कोणी आहे का विचारत, का तर लाइट गेल्यावर त्याच्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर पोचवायचा.

नेमकं त्या दिवशी माझ्या नातीला, पूजाला, बघायला दोंडाईच्याचे पाहुणे यायचे होते. घरात दमेकरी आहे असं कळलं का सोयरीक मोडते, पोरीच्याही छातीत असेल म्हणतात. सूनबाई दारातच म्हणाली, आमना घरमा कोनी नही ताई. मी आतल्या खोलीत. मशीन घरघरतं ना, म्हणून मीच बटन बंद केलं नि खोकला बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात टॉवेल कोंबला. सुनेला बोल नाही लावत मी, तिने तोंडाने केलं, मी हाताने. लाज कशाची, तर मी अजून आहे याची. आणि त्या दिवशी पाहुणे आलेच नाहीत, त्यांच्या भावकीत कोणी वारलं.

मग वावधन सुटलं, तुफान वारा नि पाऊस, खांब आडवे झाले, लाइट गेली ती गेलीच. दुसऱ्या गावांत सिलिंडर गेले, आमच्याकडे कशाला येतील, आमच्याकडे कोणी नव्हतंच. मी आ वासून पडलो. सून रडत समोर धावली, तिथं मारवाडी शेठचं किराणा दुकान, शेठनी फ्रिजचा इन्व्हर्टर काढून माझ्या खाटेशी आणून लावला. त्यांचं दूध नासलं, आइस्क्रीमचं पाणी झालं, नि शेठ एवढंच म्हणतात, नाना, आधी सांगायचं ना. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आजही त्यांच्या दुकानासमोरून मान वर करवत नाही.

परवा मॅडम पुन्हा आली, घरोघर तेच विचारत. तेच पाहुणे आमच्या घरात बसलेले, पूजा चहाचा ट्रे घेऊन उभी. दारात मॅडमचा आवाज आला नि माझा हात आपोआप बटनाकडे गेला, केलं बंद. बघा, इतकं होऊनही. आणि सून, पाहुण्यांना ऐकू जाईल अशी, म्हणते, मना सासरा शे ना ताई, त्यास्ले लाइट लागस. मग तशीच आत आली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, बटन दाबलं, नळी नाकात नीट बसवली नि जाताना पडदा उघडा ठेवून गेली.

पाहुणे चहा पिऊन गेले, कळवतो म्हणाले, अजून काही कळवलं नाही. पूजा म्हणते, नाना, राहू द्या, नाही कळवलं तर नाही. देव तिचं भलं करो. आता कोणी आलं तरी मी बटनाला हात लावत नाही. मशीन चालू शे, तुम्हाला आवाज येतोय ना?