अंधारात दांडीवर

नाही म्हणजे नाही. ती बॅग आधी खाली ठेव, मग बोल — आणि आवाज चढवू नकोस, तुझे बाबा मागच्या अंगणात बसलेत, कान शाबूत आहेत त्यांचे. काय म्हणालीस? कोंबड्यांनी बाबांना फाडलं? फाडलं नाही गं, ओरबाडलं. आणि कपाळावरची ती खोक तर कोंबड्यांची नव्हेच, ती खुराड्याच्या चौकटीची — घाईत वाकायचं विसरले. आणि चौकट एवढी बुटकी केली कोणी? यांनीच! मी तेव्हाच म्हटलं होतं, अहो, माणसांनाही आत जायचंय — तर म्हणे, कोंबड्यांपुढे वाकायची लाज वाटते का गं तुला? आता बघा म्हणावं, कोण वाकलं नाही ते.

सगळे कोंबडे विकून टाक म्हणतेस — त्यांची काय चूक? तुला ठाऊक नाही, तू लग्न होऊन गेलीस तेव्हा आपल्याकडे नुसत्या कोंबड्या होत्या. आता अंडी उबवली की निम्मे नर निघतात. पिल्लं असतात तोवर गोड, एकदा आरवायला लागले की कोंबड्यांच्या पाठी सोलून काढतात नि एकमेकांची डोकी फोडतात. म्हणून तरण्या नरांचं बिऱ्हाड वेगळं. कोंबड्या त्यांच्या नजरेला पडता कामा नयेत — त्या बाजूच्या जाळीला गोणपाट बांधलंय ते उगाच नाही. दाणाही एका भांड्यात नाही, कोपऱ्याकोपऱ्यात, म्हणजे दांडगा एकटाच अडवून बसत नाही. मग बघ कसे गुण्यागोविंदाने नांदतात — आपल्या भावकीत दाखव मला असं! हे मला कोणी शिकवलं नाही, चोची खाऊन शिकलो आम्ही दोघं. फक्त एक सांभाळावं लागतं — त्यांच्यातला एखादा उचलून थोडे दिवस जरी बाहेर ठेवला, तर तो त्यांचा राहत नाही. एकाच कोंबडीखाली उबवलेला असो, परका आला म्हणून तुटून पडतात. त्याला परत घालायचा तर रात्री. सगळे दांडीवर पेंगले की अंधारात हळूच नेऊन मधे बसवायचा, अंगाला अंग लावून. सकाळी सगळे एकदम जागे होतात, आणि त्यांना वाटतं — हा तर इथेच होता.

हे रात्रीचं कोणी शोधून काढलं माहितेय? तुझ्या बाबांनी. आणि परवा त्यांनीच — त्यातल्या भुऱ्या कोंबड्याचा पाय मुरगळला होता, म्हणून मी त्याला स्वयंपाकघरात टोपलीत ठेवलेला, बरेच दिवस झाले होते. यांना दया आली, एकटं पोर म्हणून. मी अंघोळीला गेलेली, तर भर दुपारी टोपलीसकट नेऊन सोडला भावांमध्ये. कालवा ऐकून ओल्या केसांनी धावले — तर हे आत, भुऱ्याला छातीशी धरून, आणि बाकीचे सगळे यांच्या अंगावर. भुऱ्या गेला. कपाळातून रक्त वाहतंय आणि हे लहान पोरासारखे रडतायत, मला म्हणतात — बाई, तुमचा कोंबडा गेला हो माझ्या हातून, माफ करा —

अशी काय बघतेस? हो, बाई म्हणाले. त्यात काय एवढं? फोनवर मी बरे आहेत म्हणायचे, ते काय खोटं होतं? जेवतात, फिरतात, झोपतात — म्हणजे मधे बाहेरच्या बाकावर झोपायचे, परक्या बाईच्या खोलीत कसं झोपायचं म्हणून. सज्जन माणूस! सारा जन्म माझ्यावर खेकसण्यात गेला, आणि आता अहो-जाहो करतात, पाण्याचा तांब्या दिला तर आभार मानतात. ते आभार ऐकण्यापेक्षा मला — जाऊ दे.

पण अंधारात ओळखतात गं! हे मला कळलं वीज गेली त्या संध्याकाळी. मी नुसतं म्हटलं, इथेच बसा, मेणबत्ती बघते — तर लगेच, "गोणपाट बांधलंस का गं? का मीच बघू सगळं?" तोच आवाज, तोच तोरा. उजेडात हे तोंड त्यांना कुणा म्हातारीचं वाटतं, त्यांची बायको तरुण आहे ना अजून. अंधारात मी नुसता आवाज असते. म्हणून तिन्हीसांजेला मी दिवाच लावत नाही. शेजारीण म्हणते, म्हातारीला वेड लागलं — म्हणू दे. त्या अंधारात मला शिव्या देणारं माणूस भेटतं, तिला काय कळणार!

आणि तू म्हणतेस, जखम भरेपर्यंत बाबांना महिनाभर नेते. तुझ्या घरी लख्ख उजेड, रात्री जिन्यातसुद्धा दिवे. महिनाभराने आणशील, मी दारात उभी असेन, आणि ते तुला विचारतील, या कोण? मग मी काय करू? सांग ना, मग मी कुणाकडे —

थांब. काय म्हणाले ते तुला, मघाशी आलीस तेव्हा? "पोरी, दमलीस का"? पोरी म्हणाले? उन्हात? तुझा चेहरा बघून?

तुझेही केस पिकलेत की गं, तरी ओळखलं तुला.

हं.

लोकरीची टोपी त्या खुंटीवर आहे. चहात साखर जास्त लागते, नाही दिली तर मागत नाहीत, नुसता कप सरकवून ठेवतात. हात धरायचा तो डावा, उजवा दुखतो. आणि रडू नकोस, ते बघतील. जा, ने. फक्त परत आणशील ना, तेव्हा दिवसा आणू नकोस — रात्री आण, दिवा न लावता, आणि माझ्या शेजारी आणून बसव.